कॉईल, वात आणि काजळी

'कॉईल' हा शब्द मराठी घरांत आला तो शेगडीबरोबर. पांढऱ्या मातीची तबकडी, तिच्यात नागमोडी खाचा, त्या खाचांत बसवलेली स्प्रिंगसारखी तार आणि खाली पत्र्याचं बैठं कडं. आमच्या पिढीतल्या वसतिगृहवाल्या कुणालाही विचारा, रेक्टरच्या नजरेआड हिच्यावर चहा झाला नाही अशी खोली सापडायची नाही. कॉईल तुटली की दोन्ही टोकं एकमेकांत पीळ देऊन जोडायची. फारच झालं तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवी आणायची. ती यायची बोटभर लांबीची, घट्ट गुंडाळलेली. मग एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि हळूहळू ओढून सगळीकडे सारखे वेढे ठेवत ती खाचेच्या लांबीइतकी करायची. यात कसब होतं. एका जागी वेढे दाट राहिले की तो भाग आधी लालभडक व्हायचा आणि पंधरा दिवसांत नेमका तिथेच तुकडा पडायचा.

हल्ली तरुण मुलांच्या तोंडी हाच शब्द येतो तो वेगळ्या वस्तूसाठी. व्हेप नावाच्या यंत्रात, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, करंगळीच्या नखाएवढी एक कॉईल असते. तिच्यातून कापसाची वात ओवलेली असते. वातीतून पाझरणारं द्रव तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ ओढायची. मंडळी, यात मला रस घेण्याचं कारण घरातलं आहे. माझा भाचा इंग्लंडात असतो. तो सिगारेट सोडून या यंत्राकडे वळला आणि आता टेबलावर चिमटे, तारा, कापूस मांडून स्वतःच कॉईल वळतो. आमचे भावोजी गेले ते फुफ्फुसांच्या विकाराने, दिवसाला एक पाकीट ओढून. त्यामुळे ताईने फोनवर विचारलं, "अरे, हे तरी बरं का रे त्यापेक्षा?" हा प्रश्न साधा नव्हता. 'हो' किंवा 'नाही' म्हणून फोन ठेवणं मला जमलं नाही. म्हणून मी त्या तारेच्या मुळाशी जायचं ठरवलं, आणि ती गोष्ट निघाली बरीच जुनी.

तारेतून वीज गेली की ती तापते, हे विजेइतकंच जुनं ज्ञान. किती तापते याचं गणित इंग्लंडातल्या जेम्स जूल याने 1841 साली मांडलं. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात. म्हणजे तत्त्व हाताशी होतं, पुढे वीजही आली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विजेवर भाकरी भाजणं परवडण्यासारखं झालं नाही. अडचण तारेची होती. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापवली की तिच्यावर गंजाचे पापुद्रे धरतात, पापुद्रा गळला की आतलं नवं लोखंड उघडं पडतं, ते गंजतं, आणि असं करत तार संपते. प्लॅटिनम टिकतं, पण प्लॅटिनमच्या शेगडीवर चहा करायला घराणं संस्थानिकाचं हवं. अधल्यामधल्या मिश्रधातूंची तीच रड. तापायच्या, पण फार दिवस जगायच्या नाहीत.

हा गुंता सोडवला शिकागोत अल्बर्ट मार्श नावाच्या तरुणाने. तो विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. (हे हॉस्किन्स मोठे गमतीदार गृहस्थ. बिलियर्ड्सच्या काठीच्या टोकाला लावतात तो खडू त्यांनी स्पिंक्स नावाच्या एका नामांकित खेळाडूबरोबर तयार केला आणि 1897 साली त्याचं पेटंटही घेतलं. एका माणसाच्या नावावर बिलियर्ड्सचा खडू आणि शेगडीची तार, दोन्हींचा वाटा.) मार्शने निकेल आणि क्रोमियम एकत्र केले, साधारण ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम. 6 फेब्रुवारी 1906 या दिवशी त्याला पेटंट मिळालं. हॉस्किन्सच्या कंपनीने या धातूला 'क्रोमेल' नाव दिलं. आपल्याला माहीत असलेलं 'नायक्रोम' हे नाव दुसऱ्या एका कंपनीचं, न्यू जर्सीच्या ड्रायव्हर-हॅरिसचं. व्यापारी नाव होतं, पण डालड्यासारखं ते वस्तूचंच नाव होऊन बसलं.

या तारेची खुबी समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नायक्रोमही तापल्यावर गंजतोच. फरक इतकाच की त्याचा गंज, म्हणजे क्रोमियमचं ऑक्साइड, तारेला घट्ट धरून बसतो. पापुद्रे पडत नाहीत. पहिल्याच तापण्यात तारेला एक पातळ कातडी येते आणि ती कातडीच आतल्या धातूला हवेपासून वाचवते. नवा लोखंडी तवा पहिल्यांदा तेल लावून तापवून घेतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे तेल लागत नाही. धातू आपलं तेल आपणच काढतो म्हणा. 1909 साली जनरल इलेक्ट्रिकने घरगुती टोस्टर विकायला काढला. त्यानंतर इस्त्री, हीटर, गीझर, केस वाळवायचं यंत्र असं सगळं एकामागोमाग आलं. अमेरिकेत मार्शला विद्युत तापक उद्योगाचा जनक म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. एडिसनवर मात्र धडे होते.

दुसरी तार स्वीडनची. हॅल्स्टाहॅमर नावाच्या गावात हान्स फॉन कांट्सोव हा अभियंता लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणावर काम करत होता. आपलं आडनाव आणि गावाचं नाव यांची संधी करून त्याने धातूला नाव दिलं 'कांथल'. 1931 साली त्याच नावाची कंपनी निघाली. कांथलवर येणारी कातडी ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, म्हणजे जवळजवळ माणकाच्या जातीची. ती क्रोमियमच्या कातडीपेक्षाही चिवट. नायक्रोम साधारण 1200 अंश सेल्सिअसपर्यंत दम धरतो, कांथलचा चांगला प्रकार 1400 पर्यंत. शिवाय त्यात महागडं निकेल नाही. भट्ट्या, ओव्हन, शेगड्या सगळीकडे ही तार पसरली आणि पुढे अर्ध्याहून अधिक शतकाने व्हेपवाल्यांनीही प्रथम हीच उचलली.

जाता जाता एक सांगतो. पंप मारून पेटवायचा आपला स्टोव्हही स्वीडनचाच. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याचा प्रायमस, 1892 सालचा. त्यातही द्रवाची वाफ करणं हाच खेळ होता. रॉकेल तापलेल्या नळीतून येताना वायू व्हायचं आणि निपलच्या बारीक भोकातून सुसाटायचं. काजळी धरली की ज्योत पिवळी पडायची आणि आई म्हणायची, "पिन मार रे जरा." ती पितळी पट्टीला लावलेली केसासारखी तार ज्यांनी वापरली आहे, त्यांना व्हेपची देखभाल वेगळी शिकवायला नको. भोक तेच, काजळी तीच.

आता वातीकडे. कापूस तेल वर ओढतो आणि तेल जळतं. जोवर तेल पोचतंय तोवर वात जळत नाही, तेल संपलं की मग वात जळते आणि देवघरात तो जळका वास सुटतो. हे आपल्या घरांत सांगावं लागत नाही. फुलवात किती घट्ट वळायची, समईच्या वातीला पीळ किती द्यायचा, हे आजीच्या बोटांना कळत असे. फार घट्ट वळली तर तूप चढत नाही, सैल राहिली तर वात पसरते आणि भडकते. युरोपातही वातीने लोकांना बराच काळ छळलं. मेणबत्तीच्या वातीचं जळकं टोक वाढत जाई, ज्योत धुरकट होई आणि दर थोड्या वेळाने कात्रीने टोक छाटावं लागे. त्यासाठी खास कात्र्या होत्या. 1825 मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने वात सुताची सरळ दोरी न ठेवता वेणीसारखी गुंफली. वेणीच्या ताणाने टोक एका बाजूला वळतं, ज्योतीच्या बाहेरच्या गरम कडेला जातं आणि तिथे पुरतं जळून जातं. कात्र्या अडगळीत गेल्या. इतकी लहान युक्ती सुचायला माणसाला किती शतकं मेणबत्तीपुढे बसावं लागलं!

वात आणि कॉईल यांची गाठ पडली ती सिगारेटच्या निमित्ताने. खरं तर कल्पना जुनी. जोसेफ रॉबिन्सन नावाच्या अमेरिकनाला विजेवर औषधी वाफ करणाऱ्या यंत्राचं पेटंट 1930 सालीच मिळालं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टने 1963 साली 'बिनधुराची, बिनतंबाखूची सिगारेट' म्हणून अर्ज केला आणि 1965 मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्यात निकोटिन नव्हतं, नुसती गरम, ओलसर, स्वादाची हवा. ती बाजारात आलीच नाही. पण गिल्बर्टने मूळ मुद्दा अचूक धरला होता की जळणं हाच घोटाळा आहे. तंबाखूचं पान पेटलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आलेच. जाळूच नका, नुसतं तापवा.

चाळीस वर्षांनी हे प्रत्यक्षात आणलं चीनच्या होन लिक या औषधतज्ज्ञाने, 2003 मध्ये. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडीलही. ते फुफ्फुसांच्या कर्करोगाने गेले. (इथे मी वाचताना थांबलो होतो, कारण घरच्यांना कळेल.) त्याच्या पहिल्या यंत्रात द्रवाचे तुषार करायला अतिजलद कंपनं वापरली होती. पण तापणारी तार सोपी आणि स्वस्त, म्हणून पुढे तीच रूढ झाली. कंपनीचं नाव 'रुयान', म्हणजे 'धुरासारखं'. नाव ठेवावं तर असं, काहीही न लपवणारं.

द्रवात असतं काय? मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात स्वाद आणि बहुतेकदा निकोटिन. पहिलं 188 अंशांना उकळतं, दुसरं 290 च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा. ओली वात जवळ आहे तोवर कॉईलचं तापमान या आकड्यांच्या आसपास अडकून राहतं, कारण येणारी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. वात कोरडी पडली की तीच तार क्षणात कित्येक शे अंश वर जाते. समईची गोष्ट तीच.

सुरुवातीच्या यंत्रांतली कॉईल आतच बंद असे. स्वाद बिघडला की आख्खा भाग फेकायचा. वात होती सिलिकाची, काचेच्या धाग्याच्या दोरीसारखी. 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हौशी लोकांनी यंत्र उघडायला सुरुवात केली आणि इतिहासाने चक्क उलटा फेरा घेतला. सिलिकाचे बारीक धागे छातीत जातील या धास्तीने आणि चव चांगली लागते म्हणूनही लोक कापसाकडे वळले, तेही बायकांच्या प्रसाधनाच्या सामानातल्या जपानी कापसाकडे. दोन स्क्रूंचे खांब असलेल्या उघड्या वाट्या मिळू लागल्या. त्यांत आपली तार आपण वळून बसवायची. 2014 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'व्हेप' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तोवर या हौसेचं एक शास्त्र झालं होतं.

भाच्याकडून मी ते समजून घेतलं. मला ते अस्सल कारागिरीचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीन मिलीमीटर जाडीच्या ड्रिलच्या दांडीवर कांथलची 0.32 मिलीमीटर जाडीची तार सहा वेढे घ्यायची. हिशेब केला तर दोन्ही पाय धरून सात-सव्वासात सेंटिमीटर तार लागते आणि रोध भरतो सुमारे 1.3 ओहम. बॅटरी 3.7 व्होल्टची, म्हणजे पावणेतीन अँपिअरच्या जरा वर आणि साधारण दहा वॅट. तुलनेला सांगतो, 230 व्होल्टवरच्या 1000 वॅटच्या शेगडीची कॉईल असते सुमारे 53 ओहमची. घरातल्या विजेचा दाब मोठा, म्हणून तार लांब आणि रोध मोठा. खिशातल्या बॅटरीचा दाब इवलासा, म्हणून तार तोकडी. वेढे कमी केले की रोध उतरतो, प्रवाह चढतो, आणि बॅटरीच्या कुवतीपलीकडे गेलात तर बॅटरी फुटते. म्हणून बसवण्याआधी आणि बसवल्यावर रोध मोजायचाच. जूलचा नियम इथे परीक्षेच्या पेपरातला राहत नाही.

तार आधी स्पिरिटने पुसायची, कारण कारखान्यातलं तेल आणि भुकटी तिच्यावर असते. स्क्रू घट्ट करून मग कमी वॅटवर बटण क्षणभर दाबायचं आणि सोडायचं, असं पुन्हा पुन्हा. कॉईल मधून तापत दोन्हीकडे सारखी पसरायला हवी. एखादा वेढा आधी लाल झाला तर चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच घासायचं, किंचित दाबायचं. चिमटा सिरॅमिकच्या टोकांचा हवा, लोखंडी चिमटा चालू कॉईलला लागला तर वीज तिथूनच पळते. पायांशी लाली दिसली तर बहुधा स्क्रू सैल आहे. हे सगळं ऐकताना मला खोलीतली ती शेगडी आणि दोन टोकं धरून कॉईल ओढणारे आम्ही दोघं दिसत होतो. दाट वेढा म्हणजे तापट जागा, आणि तापट जागा म्हणजे आधी करपणारा कापूस.

मग कापूस. धाग्यांच्या दिशेने पट्टी काढायची, एक टोक पिळून बारीक करायचं, कॉईलमधून ओढायचं. ओढताना किंचित अडलं पाहिजे, पण कॉईल वाकता कामा नये. शेपट्या जरा विरळ करून वाटीत टेकवायच्या, दाबून कोंबायच्या नाहीत. आणि सर्वात महत्त्वाचं, पहिल्यांदा बटण दाबण्याआधी कापूस द्रवाने पुरता भिजवायचा. तयार कॉईल विकत आणली तरी तिच्या बाजूच्या भोकांत चार थेंब सोडून, टाकी भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं. घाई केली तर पहिल्याच झुरक्यात कापूस करपतो, आणि तो करपट वास नंतर काही केल्या जात नाही. दूध लागलं की पातेल्याचं जे होतं ते.

कॉईल मरते ती बहुतेकदा गोडव्याने. द्रवात घातलेली साखरेसारखी गोडी, विशेषतः सुक्रालोज, तारेवर करपून काळा थर धरते. पारदर्शक, कमी गोड द्रवात कॉईल आठवडेच्या आठवडे चालते. आंबा-आइस्क्रीम छापाच्या द्रवात चार दिवसांत काजळते. काजळी उष्णतेच्या आड येते, वाफ मंदावते, माणूस वॅट वाढवतो, आणि काजळी आणखी वाढते. अशा वेळी कापूस काढून टाकायचा, गरम पाण्यात कॉईल धुवायची, मऊ ब्रशने घासायची, वाळवून नवी वात घालायची. पुढे गिटारच्या जाड तारेसारखी, म्हणजे जाड तारेभोवती बारीक तार गुंडाळलेली कॉईल आली. तिला एरिक क्लॅप्टनच्या नावाने 'क्लॅप्टन' म्हणतात. तिच्या खाचांत द्रव साठतं, म्हणून चव दाट लागते. पण त्याच खाचांत काजळीही साठते. फुकट काहीच मिळत नाही.

आणि आता मुद्दा येतो तो वादाचा. काजळी काढायचा सोपा मार्ग म्हणजे कोरडी कॉईल लाल होईपर्यंत तापवून थर जाळून टाकणं. हौशी मंडळी हे सर्रास करतात. मार्शच्या आणि कांट्सोवच्या तारा लाल व्हायलाच तर केल्या होत्या! पण शेगडीची लाल तार आपण फुफ्फुसांना जोडत नव्हतो. पुन्हा पुन्हा लाल करणं, ओल्या द्रवात विझवणं, चिमट्याने दाबणं, घासणं यांत ती राखणारी कातडी भेगाळते, आणि भेगेतून धातू बाहेर येऊ शकतो. 2018 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 56 जणांची रोजच्या वापरातली यंत्रं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते. कॉईलला लागून आलेल्या द्रवात आणि वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम, मँगॅनीज जास्त सापडले. म्हणजे धातू येतो तो यंत्रातून. तापक तार बनवणाऱ्यांनी शंभर वर्षांत तिचं आयुष्य मोजलं, तिचा श्वास कधी मोजला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

करपट चवीलाही असाच इतिहास आहे. 2015 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. 3.3 व्होल्टला काही सापडलं नाही, पण 5 व्होल्टला वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्यं भरपूर सापडली. लगेच प्रत्युत्तर आलं की त्या यंत्राला 5 व्होल्ट दिले तर वात कोरडी पडते, आणि तो झुरका इतका करपट लागतो की कुणी माणूस घेणारच नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जीभ हा चांगला पहारेकरी आहे, पण झोपणारा पहारेकरी. अर्धवट करपलेली वात 'चालतंय अजून' म्हणत ओढणारे असतातच. भाजी जराशी लागली तर आपण ताटात घेतोच की. 2014 मध्ये यावर एक हुशार तोड निघाली होती. निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तो मोजत राहायचा आणि कॉईल ठरलेल्या अंशापलीकडे जाऊ लागली की वीज कमी करायची. ओहायोतल्या इव्हॉल्व्ह कंपनीने तशी चकती बाजारात आणली. रोधावरून तापमान मोजणं ही ह्यू कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञाची 1887 सालची प्लॅटिनमची विद्या. कांथलला ही विद्या लागू पडत नाही. तिचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलतच नाही, आणि शेगडीच्या दृष्टीने तोच तिचा गुण होता.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने 2015 मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा 95 टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. तो आकडा मोजलेला नव्हता, थोड्या तज्ज्ञांच्या अंदाजावर बेतलेला होता, आणि त्यावर टीका झाली ती योग्यच. पण जळता धूर नाही म्हणजे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही, हे रसायन कुणी नाकारत नाही. सिगारेट सोडायला निकोटिनच्या चिकटपट्ट्यांपेक्षा हे यंत्र जास्त उपयोगी पडतं, असा कॉक्रेनच्या 2022 च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. मात्र 'सिगारेटपेक्षा बरं' आणि 'बरं' या दोन वाक्यांत हॉल आणि अंगण यांच्याइतकं अंतर आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने हे तोंडाला लावायचं कारणच नाही. 2019 मध्ये अमेरिकेत फुफ्फुसांची जी साथ आली तिने 68 माणसं दगावल्याची नोंद फेब्रुवारी 2020 पर्यंत झाली होती. तिचं मूळ मुख्यतः गांजाच्या अर्काच्या भेसळीतलं, जीवनसत्त्व ईच्या एका संयुगातलं निघालं. पण त्यातून एक कळलं की तापलेल्या तारेवर काय ओतता याला फार महत्त्व आहे. जे खायला निर्धोक ते फुफ्फुसात निर्धोक, असं नसतं.

आणि ताई, त्याला दिवाळीत येताना हे सामान आणू नकोस म्हणून सांग. आपल्याकडे 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिडीचा कट्टा आणि सिगारेटचं पाकीट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत रीतसर मिळतं. मुलांच्या हाती नवं व्यसन पडू नये ही चिंता रास्त होती, पण जुनं जळतं तसंच ठेवून बिनजळतं तेवढं उचललं, याची संगती मला अजून लागलेली नाही. तुम्हाला लागली असेल तर खाली लिहा.

तिकडे इंग्लंडात कारागिरीच मागे पडली. 2021 नंतर रंगीत, वापरून फेकायच्या कांड्या आल्या. कॉईल वळायला नको, वात भिजवायला नको, संपली की टाकून द्या. आत चांगली लिथियमची बॅटरी असायची, तीही कचऱ्यात. 1 जून 2025 पासून तिथे त्या विकायला बंदी आली, आणि दुकानांत पुन्हा भरायच्या टाक्या आणि सुट्या कॉईली दिसू लागल्या. भाच्याने त्याच्याकडची तार कुठली ते रिळावर पाहून सांगितलं. कांथलच, ए-वन. ती कंपनी आता अलैमा नावाच्या मोठ्या स्वीडिश समूहात आहे, पण मुख्य ठिकाण अजून हॅल्स्टाहॅमरच.